जमनामावशीची जाहिरात दाबू नका

पालघर तालुक्यातल्या निम्म्या माणसांनी माझा आवाज ऐकलेला आहे, पण माझं तोंड फारसं कुणी पाहिलेलं नाही. वीस-बावीस वर्षं मी रिक्षाच्या मागच्या सीटवर माईक धरून बसत होतो. टपावर दोन भोंगे, एकाचं तोंड पुढे, एकाचं मागे. पालघर, बोईसर, सफाळे, केळवे आणि मधली सगळी गावं. साड्यांचा सेल मी होतो, सर्कस मी होतो, डोळ्यांचं मोफत शिबिर मी होतो. ‘पांढऱ्या कपाळाची म्हैस हरवली आहे’ हेही मीच होतो. ती सापडल्यावर मालकाने पदरचे पैसे मोजून ‘म्हैस सापडली आहे, शोधणाऱ्यांनी घरी जावं’ असं सगळ्या वाटेने पुन्हा सांगायला लावलं, तेही मीच. एकदा माकुणसारला लग्नाच्या पंगतीत मी वाढप्याला ‘जिलबी इकडे’ म्हणालो, तर शेजारच्या बाई घास हातात धरून वळल्या आणि म्हणाल्या, “अगं बाई, हा तर सेल!”

तर असा मी, दिलीप. वय चोपन्न. आता भोंगा नाही. परवानग्या कडक झाल्या हे एक कारण, पण खरं कारण असं की दुकानदारांच्या मुलांना भोंग्याची लाज वाटायला लागली. “काका, आता सगळं फोनवर,” असं त्यांनी मला समजुतीच्या सुरात सांगितलं. मग मीही पालघरच्या एका क्लासमध्ये नाव घातलं. वर्गात बाकी सगळे विशीतले. पहिल्या दिवशी हजेरीला मी सवयीने ‘हजर’ म्हणालो, आणि सर खडू टाकून दोन पावलं मागे सरकले.

गेली काही वर्षं मी फोनवर जाहिराती लावून देतो. बोईसरला एका डेअरीच्या वर दहा बाय दहाची खोली, एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या, आणि खालून दिवसभर येणारा दुधाचा वास.

हा धंदा म्हणजे नेमकं काय, हे माझ्या बायकोला समजावताना तीन चहा लागले. सुनंदा कोळगावच्या बाजूला शाळेत शिक्षिका आहे, आणि समजल्याशिवाय मान हलवत नाही. शेवटी मी तिला बंदरावरचा लिलाव सांगितला. होडी लागते, मासळीचा ढीग पडतो, भोवती व्यापारी उभे राहतात, बोली लागते आणि दोन मिनिटांत ढीग कुणाचा तरी होतो. फोनवर ढीग मासळीचा नसतो, तुमच्या नजरेचा असतो. तुम्ही फोन उघडून काही बघायला लागलात की पडद्यावर एक रिकामी जागा तयार होते, आणि ती कुणाला मिळायची याची बोली लागते. दुकानदार तिकडे गल्ल्यावर बसलेले असतात, त्यांच्या वतीने यंत्रं बोलतात. पापणी लवायच्या आत लिलाव संपतो आणि जिंकणाऱ्याची जाहिरात तुमच्या डोळ्यांसमोर येते. दिवाळीच्या आधी किंवा क्रिकेटच्या हंगामात बोली लावणारे वाढतात आणि तीच नजर महाग होते. मग बोईसरच्या मिठाईवाल्याला बड्या बड्या कंपन्यांच्या खांद्याला खांदा लावून ओरडावं लागतं.

सुनंदाने विचारलं, “आणि ज्याची नजर, त्याला काय मिळतं?”

“फुकटचा गेम,” मी म्हणालो.

हे मी थट्टेने म्हणालो, पण ते तसंच आहे. ॲप चालवायचं तर कुणीतरी पैसे द्यावे लागतात. आपल्याकडे आधी कुणी देत नसे. तारापूरच्या कारखान्यांच्या गेटसमोर चहाच्या टपऱ्या आहेत. पाळी सुटली की कामगार चहा घेऊन फोन काढतात. मी एकाला विचारलं होतं, थोडे पैसे भरले तर जाहिराती बंद होतात, मग का भरत नाहीस? तो हसला. “भैया, पैसा कौन देगा? तीस सेकंड देख लेते हैं, खेल चालू.” पण त्याच टपरीवर आता मी दुसरंही बघतो. फोनने पैसे देणं अंगवळणी पडल्यापासून दहा-वीस रुपये खिशातून गेल्यासारखे वाटतच नाहीत. चहा उधारीवर पिणारा माणूस गेममधल्या तलवारीसाठी रोख देतो. ॲपवाले दोन्ही हात पसरून बसलेले असतात. एका हातावर पैसे ठेवा, नसतील तर दुसऱ्या हातावर डोळे ठेवा.

गिऱ्हाईकं मात्र भोंग्याच्या काळात होती तशीच आहेत. बोईसरला एका लग्नाच्या हॉलचे मालक होते. त्यांना रोज एकच तक्रार. “दिलीप, मला माझी जाहिरात दिसत नाही.” मी सांगायचो, साहेब, तुमच्या मुलींची लग्नं झाली, तुम्हाला हॉल कशाला दाखवू? जिथे लग्नाची मुलं-मुली आहेत तिथे दाखवतोय. पटेना. शेवटी मी थोडे पैसे बाजूला काढले आणि नकाशावर त्यांच्या बंगल्याभोवती एक छोटं वर्तुळ मारलं. दुसऱ्या दिवसापासून साहेबांना हॉल दिसू लागला, त्यांच्या बायकोला दिसू लागला, स्वयंपाकीणबाईंनाही दिसू लागला. साहेबांनी मला पेढे दिले. म्हणाले, “आता कशी जोरात चालली आहे!”

ते पेढे मी मिटक्या मारत खाल्ले हे कबूल करतो. पण त्या पेढ्यांनी मला एक वाईट खोड लावली. माल विकला जाणं आणि मालक खूश होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी फार स्वस्तात करता येते, हे मला कळलं.

आणि मग एका फेब्रुवारीत डेअरीचा जिना चढून जमनामावशी वर आली.

मावशी समुद्रकाठच्या मुरबे गावची. माझ्याहून चारच वर्षांनी मोठी, पण मासळीवालीला आपण मावशीच म्हणतो. बोईसरच्या बाजारात ती सुकी मासळी घेऊन बसायची, आणि माझी रिक्षा समोरून गेली की हात करून म्हणायची, “हळू बोल रं, बोंबील उटून पळतील!” त्या दिवशी तिने पाटी खाली ठेवली, माझ्या दोन खुर्च्यांकडे पाहिलं आणि जमिनीवर बसली.

“काय रं भोंगेवाल्या, तुजा आवाज बसला का धंदा?”

“आवाज आहे, मावशी. धंदा फोनात गेला.”

“मंग माजे बोंबील पन घाल त्या फोनात.”

तिची गोष्ट सरळ होती. मुरब्याला तिच्या घरामागे वलांड्या आहेत. वलांडी म्हणजे बांबूंचे उभे खांब आणि त्यांना बांधलेले आडवे दोर. ताज्या बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या करायच्या आणि त्या दोरावर टाकायच्या, ऊन आणि खारा वारा त्यांना वाळवतो. तिच्या सासूने वाळवले, तिने वाळवले. नवरा काशिनाथ, सगळे त्याला काशीदादा म्हणतात, चाळीस वर्षं होडीवर होता. दोन वर्षांपूर्वी कंबर गेली आणि तो घरी बसला. मावशीचे गुडघेही आता बाजारात दिवसभर बसू देत नव्हते. घाऊक व्यापाऱ्याला दिलं तर तो पडेल भाव देई.

“हंगामाला चाळीस पाट्या माल होतोय,” ती म्हणाली. “पाऊस लागला का त्याला वास मारतो, बुरशी धरते. यंदा पावसाच्या आत खपला तर वलांड्या ऱ्हातील. नाय तर एक जूनपासनं कंपनीच्या बसमदी बसायचं. नणंद जाते ना माजी, बाथरूम पुसायला, तिनं माजा पन फॉरम भरून ठेवलाय. फोटो चिकटवलाय. नुसती सही ऱ्हायली.”

“मग सही का केली नाहीस?”

“तुज्याकडं आले ना आदी.”

असं कुणी म्हटलं की माझ्यातला भोंगेवाला जागा होतो. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, मावशी, बोईसर काय, वसई काय, मुरब्याचा बोंबील घराघरात पोचवतो! खालून डेअरीवाल्याने विचारलं, “काय झालं?”

जाहिरात लावताना यंत्र तुम्हाला दोन गोष्टी विचारतं. पहिली, कुठल्या भागातल्या लोकांना दाखवायची? मी मुरब्यावर टाचणी टोचली आणि तिच्याभोवती मोठं वर्तुळ मारलं. निम्मं वर्तुळ समुद्रात गेलं, हे माझ्या लक्षातही आलं नाही. दुसरी, तुम्हाला काय हवं आहे? लोकांनी जाहिरातीवर बोट दाबावं, की विकत घेण्यासाठी मेसेज करावा? दाबणारे स्वस्तात मिळतात आणि त्यांचा आकडा मोठा दिसतो. मेसेज करणारा महाग पडतो, आणि दिवसाला दोन-तीनच मिळाले तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. मी ‘दाबणं’ निवडलं. हे मी विचार करून निवडलं, चुकून नाही. प्रत्येक दाबण्याचे पैसे मावशीच्या दिवसाच्या दीडशे रुपयांतून कापले जाणार होते, आणि खर्च होईल त्यातला माझा वाटा ठरलेला होता.

जाहिरातीत वलांडीसमोर उभ्या मावशीचा फोटो. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, हातात बोंबलांची जुडी. खाली, ‘मुरब्याचा सुका बोंबील, घरपोच’.

पहिल्याच आठवड्यात दाबणाऱ्यांचा आकडा बघून मी खुर्चीत सरळ झालो. दुसऱ्या आठवड्यात तो दुप्पट झाला. सकाळी नऊच्या आत दिवसाचे पैसे संपत होते. मी मावशीला फोन करून जुन्या आवाजात जाहीर केलं, “मावशी, काल दोनशे माणसांनी दाबलं! दोनशे!”

“आन घेतलं किती जनांनी?”

“घेतील, मावशी. आधी बघतात, मग घेतात.”

मार्च संपला. बोंबील घेण्यासाठी फोन आले तीन. त्यातला एक मावशीच्या भाच्याचा होता, आणि त्याने उधारीवर मागितले होते.

सुनंदाने एका सकाळी डबा भरता भरता विचारलं, “दिलीप, दाबणारे आहेत कुठले?”

“म्हणजे?”

“गावं कळतात ना तुला? माझ्या वर्गात रोज दोनशे हात वर होतात आणि उत्तर एकालाही येत नाही असं झालं, तर मी आधी बघेन की हात कुणाचे आहेत.”

मी बघितलं. दाबणारे मुरब्याचे होते, शेजारच्या सातपाटीचे होते, थोडे वसईपर्यंत विखुरलेले होते, आणि उरलेले समुद्रातले! किनाऱ्याजवळच्या होड्यांवर फोनला रेंज येते. माझी ही भरघोस गर्दी सगळी कोळ्यांची होती. बरं, यंत्र शिकत असतं. जो दाबतो त्याच्यासारख्यांना ते आणखी दाखवतं. त्याने पाहिलं की मुरब्याच्या लोकांना बोंबील जिवापाड आवडतात, हे खरंच होतं, आणि त्याने सगळा जोर मुरब्यावर लावला. मी मावशीच्या पैशाने मुरब्याला सुका बोंबील विकत होतो.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मी मुरब्याला गेलो. बंदराच्या वाटेवर पहिलीच बाई भेटली तिला विचारलं, जमनामावशीची जाहिरात दिसते का? तिने कमरेचा फोन काढला आणि अभिमानाने म्हणाली, “दिसते म्हंजे? मी रोज दाबते. सकाळी उटलं का पयलं जमनाचं दाबायचं, मंग चहा.”

“घेता का तुम्ही बोंबील तिच्याकडून?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “आमी कशाला घेऊ? आमच्या घरी काय कमी हायेत?”

“मग दाबता कशाला?”

“अरे, आपल्याच बाईचं हाय ना! काशीदादानं सांगितलं, सगल्यांनी रोज एकदा दाबा, म्हंजे तिचं पुढं जाईल. होडी वर ओढताना जाणारा-येणारा हात लावतोच का नाय? तसं.”

मुरब्याला होडी किनाऱ्यावर ओढायची असली की वाटेने जाणारा माणूस पिशवी खाली ठेवतो, दोराला हात लावतो आणि पुढे जातो. कुणाची होडी, हे विचारत नाही. इथे गावाने तसाच हात लावला होता. मुरब्यातून वसईपर्यंत जिथे जिथे मुली दिल्या-घेतल्या होत्या, तिथे काशीदादाने निरोप पाठवला होता. आणि प्रत्येक हात मावशीच्या पाटीतून थोडं काढून नेत होता.

काशीदादा घराच्या ओट्यावर कमरेला उशी लावून बसला होता. फोन डोळ्यांच्या अगदी जवळ. मला पाहून हसला.

“ये, दिलीपभाव. बस. एवढा घोल मासा घेतो आन बोलतो.”

तो गेम खेळत होता. मासे धरायचा गेम. पडद्यावर निळं पाणी, त्यात गळ. चाळीस वर्षं जाळी टाकलेला माणूस ओट्यावर बसून बोटाने मासे धरत होता, आणि घोल नेमका कुठे वळेल हे त्याला गेम बनवणाऱ्यापेक्षा जास्त कळत होतं.

“याला आमिष लागतंय,” त्याने सांगितलं. “पयलं मी पैसं भरून घ्यायचो, बारकं बारकं, वीस रुपयं, तीस रुपयं. ती ओरडली. मंग सोडलं. आता फुकट मिळतं. एक जाहिरात पूर्ण बगायची, का पाच किडे देतात.”

गळाला मासा लागला नाही. आमिष संपलं. काशीदादाने ‘जाहिरात बघा’वर बोट ठेवलं, आणि पडद्यावर हिरवं लुगडं नेसलेली जमनामावशी उभी राहिली, हातात बोंबलांची जुडी.

“बग,” काशीदादा हळूच म्हणाला. “लय वेळा तीच येते.”

जाहिरात संपेपर्यंत तो तिच्याकडे बघत होता. मग नमस्कार करावा तसं त्याने तिच्यावर बोट दाबलं, आणि त्याला पाच किडे मिळाले.

मी तिथेच ओट्यावर हिशोब मांडला. मावशीचे पैसे लिलावात जात होते, लिलावातून ते गेमवाल्याला पोचत होते, आणि गेमवाला तिच्या नवऱ्याला आमिष देत होता. एकाच माणसाने पुन्हा पुन्हा दाबलं तर यंत्र त्याला ओळखून सोडून देतं, पण शेकडो माणसं रोज एकेकदा प्रेमाने दाबतात, त्याला ते काय ओळखणार?

मी काशीदादाला सगळं सांगितलं. त्याने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

“म्हंजे मी तिचे पैसं खाल्लं?”

“दादा, तुम्ही नाही.”

“तिला सांगू नको, दिलीपभाव. जून आला जवळ. तिला बसमदी मी बसवली असं होईल.”

घरी येऊन मी सुनंदाला म्हणालो, काशीदादाचं नाव घेत नाही, यंत्र बिघडलं म्हणून सांगतो. ती वह्या तपासत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं नाही, वरही बघितलं नाही. “काशीदादाचं नाव घेऊच नकोस,” ती म्हणाली. “पण दाबणं की मेसेज, हे काशीदादाने निवडलं होतं का?”

मावशी वलांडीखाली जोड्या लावत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. दाबण्याचा आकडा मोठा दिसतो म्हणून मी तो घेतला, तुला खूश करायला घेतला, माझा वाटा त्यातूनच निघत होता, दोन महिने फुकट गेले. तिचे हात थांबले नाहीत. जबड्यात जबडा, दोरावर. जबड्यात जबडा, दोरावर.

“आन दाबलं कोनी?”

मी दोरावरची एक जोडी उगाच सरळ केली.

“गावानं ना? मला ठाव हाय. चार दिवस झालं, बायका मला विहिरीवर सांगत्यात, तुजं दाबलं गं, तुजं दाबलं.” मग तिने ओट्याकडे बघून आवाज चढवला. “आन हा म्हातारा! चाळीस वर्सं समुद्रातनं माजं घर भरलं, आता माज्या पैशानं फोनातले मासे भरतोय! मला दिसत नाय काय, माजंच तोंड बघून किडे घेतोय तो?”

मावशी तोंडाला पदर लावून हसली, खूप वेळ हसली, आणि मग डोळे पुसताना ते हसणं कुठे संपलं ते मला कळलं नाही.

“आता काय करायचं ते कर,” ती म्हणाली. “दोन महिनं हायेत.”

यंत्रातून मुरबे वगळणं सोपं होतं. पण वसईपर्यंत पसरलेले नातेवाईक कसे वगळणार? आणि माणसांना ‘मदत करू नका’ असं फोनवर कळवलं तर रुसवा धरतात. तेव्हा मी ठरवलं, हे तोंडानेच सांगायचं. बंदरावर होड्या लागलेल्या, लिलाव सुरू होण्याआधीची घटका, सगळं गाव तिथे. मी बर्फाच्या एका उलट्या खोक्यावर चढलो. माईक नाही, भोंगा नाही.

“ऐका हो ऐका! मुरब्याच्या समस्त बंधू-भगिनींनो! जमनामावशीची जाहिरात दाबू नका! पुन्हा सांगतो, दाबू नका! एकदा दाबलं की मावशीचे पैसे जातात! मुंबईच्या जावयाला सांगा, वसईच्या मेव्हणीला सांगा, होडीवरच्या माणसांना सांगा! बघा, कौतुक करा, पण बोट लावू नका!”

मग मागून एक म्हातारी ओरडली, “आरं, मंग लावलीस कशाला जाहिरात?”

सगळं बंदर हसलं, आणि मी खोक्यावर उभा राहून ते हसणं पूर्ण ऐकून घेतलं. बावीस वर्षांत मी लोकांना या म्हणालो, घ्या म्हणालो, पळा म्हणालो. करू नका असं एकदाच म्हणालो, आणि मुरब्याने ते इतकं तंतोतंत ऐकलं की तिसऱ्या दिवसापासून किनाऱ्यावरून एकही बोट पडलं नाही.

मग मी ते केलं जे फेब्रुवारीत करायला हवं होतं. वर्तुळ समुद्रातून उचलून बोईसरच्या वसाहतींवर आणि वसईच्या पुढे ठेवलं. दाबणं सोडून मेसेज निवडला. फोटोऐवजी छोटी फिल्म केली. त्यात मावशी बोंबील मोडून दाखवते, “असा कट्कन मोडला पायजे, वाकला तर घेऊ नका.” पहिल्या दिवशी दोन मेसेज आले. दुसऱ्या दिवशी एक. आकडा केविलवाणा होता, आणि मी तो तसाच मावशीला कळवला.

बोईसरच्या वसाहतींतून हिंदी मेसेज यायचे. ‘माताजी, नमक डाला है क्या?’ मावशीला लिहिता येत नव्हतं म्हणून ती आवाज पाठवायची, “नमक नाय, बेटा, खाली समुंदर का हवा!” एका बाईने विचारलं, घरात वास येईल का? मावशीने बाणेदार उत्तर दिलं, “आयेगा. बोंबील हाय, अत्तर नाय.” त्या बाईने दोन किलो मागवले आणि पुढच्या आठवड्यात शेजारणीचा नंबर दिला. अशा एकीकडून दुसरीकडे मागण्या वाढत गेल्या आणि काशीदादा पुठ्ठ्याचे खोके भरू लागला. जाळी विणणारे हात, त्याच्या गाठी गिऱ्हाइकांना सुटेनात, कात्री लावावी लागे.

एकदा खोका बांधता बांधता तो मला म्हणाला, “आता ती येत नाय गेममदी. साबण येतो. कर्ज देणारा येतो.”

“दादा, हवं तर तुमच्यापुरती चालू ठेवतो. माझ्या पैशाने.”

त्याने गाठ आवळली. “नको. तिकडं दिसत होती तवा मी तिकडंच बगत बसायचो. इकडं हाय ती.”

मे संपत आला. आभाळ दुपारी भरायचं आणि रिकामंच निघून जायचं. जून उजाडायच्या आदल्या संध्याकाळी मावशीचा निरोप आला, सकाळी ये. मी सातच्या आत पोचलो. चाळीसपैकी नऊ पाट्या उरल्या होत्या. वलांड्यांचे दोर उतरवून गुंडाळून ठेवले होते. मावशी नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती, मांडीवर फोटो चिकटवलेला फॉर्म. नणंद डबा घेऊन वाटेवर उभी.

“चल ना गं, बस येतेय,” नणंद म्हणाली.

“थांब.” मावशीने माझ्याकडे बघितलं. “एकतीस गेल्या. नऊ ऱ्हायल्या. त्या व्यापारी नेईल. आता तू सांग, भोंगेवाल्या. पुढच्या वर्सी खपंल का?”

काशीदादाही दारातून माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडात सगळं तयार होतं. खपेल म्हणजे काय, मावशी, घराघरात जाईल! दिवाळीत बोली किती चढेल, ती बड्या कंपन्यांशी कशी टिकेल, पुढच्या वर्षी यंत्र काय मागेल, हे मला माहीत नव्हतं. या धंद्यात कुणालाच माहीत नसतं, जे सांगतात तेही माझ्यासारखेच पेढे खाल्लेले असतात.

“माहीत नाही, मावशी,” मी म्हणालो. “खरंच माहीत नाही.”

नाक्यावर बसचा हॉर्न वाजला. नणंदेने डबा या हातातून त्या हातात घेतला.

मावशीने फॉर्म घडी करून नणंदेच्या पिशवीत घातला. “शेजारच्या शेवंतीला दे, तिला काम हवं हाय. माजा फोटो काढून घे म्हनावं.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तू ‘नक्की खपंल’ बोलला असतास ना, दोनशे दाबल्यावर बोललास तसं, तर मी आता बसमदी असते.”

ती उठली आणि बांबू मोजायला मागच्या अंगणात गेली. त्यातले दोन किडले होते, तेवढे बदलायचे म्हणाली.